क्लचला ग्रीस कुठे, किती आणि कुठे अजिबात नको

क्लच बदलण्याच्या कामात प्रत्यक्ष क्लचचं काम थोडंसंच असतं. प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट काढले की सेट हातात येतो. पण त्या सहा बोल्टांपर्यंत पोचायचं तर आधी बॅटरी, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या केबल आणि माउंटिंग सोडवून अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. सगळा वेळ आणि घाम तिथे जातो. म्हणून एकदा गिअरबॉक्स उतरला की आत जे जे उघडं पडलंय ते शांतपणे तपासून घ्यायला हवं. अर्धा तास जास्त गेला तरी चालेल.

तसं अनेकदा होत नाही. "पूर्ण सेट टाकलाय" असं सांगून गाडी परत मिळते आणि दोन-चार महिन्यांत पहिल्या गिअरला गाडी थरथरायला लागते, रिव्हर्स टाकताना खर्रर आवाज येतो, नाहीतर चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र ओढत नाही. अशा वेळी सगळेजण क्लच सेटच्या कंपनीला दोष देतात. माझ्या मते बहुतेक वेळा खोट दोनपैकी एका ठिकाणी असते. जुना क्लच कशामुळे गेला हे कोणी शोधलेलं नसतं, किंवा ग्रीसचं गणित चुकलेलं असतं. या दोन्ही गोष्टी गाडीमालकालाही समजू शकतात आणि समजायला हव्यात.

आधी रचना बघू. उदाहरण म्हणून आपल्याकडच्या छोट्या, पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचा क्लच घेऊ. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील असतं, बिडाची जड चकती. तिच्यावर क्लच प्लेट टेकते. या प्लेटच्या दोन्ही बाजूंना लायनिंग रिव्हेटने बसवलेलं असतं आणि मधल्या भोकाला आतून दाते असतात. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या इनपुट शाफ्टलाही तसेच दाते असतात. या दात्यांना गॅरेजमध्ये स्प्लाइन म्हणतात. प्लेट शाफ्टबरोबर फिरते, पण त्याच्यावर पुढे-मागे सरकूही शकते. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट असते. तिच्यातल्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं मध्यभागी जमलेली दिसतात. पाय पेडलवर नसतो तेव्हा ही स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये जाते. पेडल दाबलं की फोर्क, म्हणजे दोन टोकांचा झुलता दांडा, रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं, प्रेशर प्लेट मागे सरते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

'मोकळी होते' म्हणजे किती? फार तर मिलिमीटरभर, तेही दोन्ही बाजूंना मिळून. एवढ्याशा जागेत प्लेटला फ्लायव्हीलपासून स्वतःहून सुटायचं असतं. तिला मागे ओढणारं दुसरं काही नसतं. स्प्लाइनवर ती सहज सरकली तर सुटते, अडकली तर फ्लायव्हीलला चाटत राहते. मग पेडल पूर्ण दाबूनही गिअर कडक लागतो. स्प्लाइनला ग्रीस का लागतं याचं सगळं उत्तर या मिलिमीटरभर हालचालीत आहे.

आता याच्या विरुद्ध बाजू. कारचा क्लच कोरडा असतो. तो सगळं काम घर्षणावर करतो आणि त्या घर्षणाला तेलाचा डाग चालत नाही. हिशेब करून बघू. क्लच किती टॉर्क पेलेल हे ढोबळमानाने असं काढतात: स्प्रिंगचा दाब, लायनिंगचा घर्षणांक आणि घर्षणाच्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या यांचा गुणाकार, आणि लायनिंगच्या बाजू दोन म्हणून त्याची दुप्पट. उदाहरणादाखल दाब ३,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि त्रिज्या ८ सेंटिमीटर धरली तर उत्तर येतं १६८ न्यूटन-मीटर. छोट्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क शंभर-सव्वाशेच्या आत असतो, म्हणजे क्लचकडे बऱ्यापैकी राखीव ताकद आहे. आता लायनिंगला तेल लागून घर्षणांक ०.१ वर आला असं धरा. बाकी सगळं तेच, स्प्रिंग नवी, प्लेट नवी, तरी उत्तर येतं ५६. इंजिन देतंय त्याच्या जेमतेम निम्मं. हा क्लच घाटात घसरणारच.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण गोंधळ नेहमी होतो. आपल्या बहुतेक गिअरच्या मोटारसायकलींचा क्लच ओला असतो. बऱ्याच प्लेटा एकावर एक, आणि त्या इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या. त्या लायनिंगचा मसालाच तेलात काम करण्यासाठी बनवलेला असतो आणि म्हणून तिथे जासो एमए मानकाचं ऑइल वापरायला सांगतात. बाइकचं काम करून हात बसलेला माणूस कारच्या क्लचला तोच न्याय लावायला गेला तर नवी प्लेट पहिल्याच दिवशी खराब होऊ शकते.

गिअरबॉक्स उतरवायच्या आधी कान द्या

गाडी जागेवर चालू ठेवून दोन मिनिटं ऐकलं तर बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल आणि सोडल्यावर थांबत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर. उलट पेडल सोडलेलं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो असं असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. कारण न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर तो शाफ्ट फिरत असतो आणि दाबल्यावर थांबतो. हा दुसरा आवाज असताना नुसता क्लच सेट बदलला तर आवाज तसाच राहील आणि गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल. तेव्हा ही चाचणी आधीच करा आणि मालकालाही ऐकवा.

ज्या गाड्यांत इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, मागच्या टोकात बसवलेल्या छोट्या बेअरिंगमध्ये किंवा बुशमध्ये टेकतं, त्यांत आणखी एक शक्यता असते. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जीप-पिकअप प्रकारच्या गाड्यांत ही रचना नेहमीची. या पायलट बेअरिंगचा आवाज गाडी गिअरमध्ये असताना पेडल दाबून धरलं की येतो, कारण तेव्हा क्रँक फिरत असतो आणि शाफ्ट थांबलेला असतो.

पुसण्याआधी बघा

गिअरबॉक्स बाजूला झाला की पहिला मोह होतो तो कॉम्प्रेसरची हवा मारून सगळं स्वच्छ करायचा. तो आवरा. याला दोन कारणं आहेत. क्लचची धूळ फुप्फुसांसाठी वाईट असते. पूर्वी लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास वापरत, आणि जुन्या किंवा नाव-गाव नसलेल्या मालात काय आहे हे बाहेरून बघून कोणी सांगू शकत नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने धूळ ओली करून पुसावी, तोंडाला चांगला मास्क असावा. दुसरं कारण म्हणजे जुना क्लच का गेला त्याचा पुरावा त्या मळातच असतो.

बेल हाउसिंग, म्हणजे क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण, आतून तेलकट असेल तर तेल कुठून आलं हे माग काढून बघा. फ्लायव्हीलच्या मागच्या बाजूने आणि खालून काळं तेल उतरलेलं असेल तर क्रँकचं मागचं ऑइल सील गेलंय. इनपुट शाफ्टभोवतीच्या नळीच्या बुडापासून खाली ओघळ गेला असेल तर गिअरबॉक्सचं इनपुट सील. दोन्ही तेलांत फरक ओळखता येतो. वापरलेलं इंजिन ऑइल काळं असतं, गिअर ऑइल बहुधा फिकट मधाळ रंगाचं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. हायड्रॉलिक क्लच असेल, म्हणजे पेडलचा दाब केबलऐवजी ब्रेक ऑइलमधून पोचत असेल, तर तिसरा संशयित ब्रेक ऑइल. ते पातळ असतं आणि जिथे रंगावर पडेल तिथे रंग फुगवून सोडवतं. आणि प्लेटच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला किरणांसारखे पट्टे उमटले असतील तर ते बहुतेक गळतीचे नसतात. मागच्या वेळी कोणीतरी स्प्लाइनवर ग्रीस थापलं होतं, ते उडालं आहे.

सील गळत असेल तर ते आत्ताच बदला. क्लच सेटच्या मानाने ते किरकोळ पैशांत येतं आणि त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता या क्षणी उघडा आहे. तेल प्यायलेली प्लेट पेट्रोलने धुऊन, उन्हात वाळवून परत घालू नका. लायनिंगच्या आत मुरलेलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं.

प्लेट हातात घेतल्यावर आधी रिव्हेट बघायचे. लायनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खाली आहे हे व्हर्नियरच्या मागच्या दांडीने मोजतात. मर्यादा गाडीगणिक वेगळी असते. बऱ्याच मॅन्युअलमध्ये ती ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान सापडते. त्याच्या खाली गेलं की रिव्हेट फ्लायव्हीलला घासून गोल चर पाडतात आणि खर्च वाढतो. खरं सांगायचं तर प्लेट मर्यादेच्या आत पण निम्म्याहून जास्त झिजलेली असेल तरी मी ती परत बसवणार नाही. उरलेल्या आयुष्याची किंमत गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याच्या मजुरीपेक्षा कमीच भरते.

मधल्या गोल स्प्रिंगा धक्का शोषण्यासाठी असतात. त्यांच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत चिरा, तुटलेली स्प्रिंग, उघडलेले रिव्हेट हे दोष उघड दिसतात. पण एखादी स्प्रिंग हाताला किंचित सैल लागली म्हणून प्लेट खराब ठरवू नका. काही प्लेटांत स्प्रिंगा टप्प्याटप्प्याने काम करतात आणि नंतरच्या टप्प्याची स्प्रिंग नव्या प्लेटमध्येही सैलच असते.

मग दाते. दात्यांवर लालसर तपकिरी भुकटी दिसली तर समजा की तिथे धातू कोरडा घासत होता. दोन दाते एकमेकांवर अगदी बारीक थरथरत राहिले की पृष्ठभागाचे कण सुटतात, त्यांना गंज चढतो, आणि तो गंजच पुढे कानशीसारखा दात खात जातो. कोकणात पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे लवकर होतं. कधीकधी तर लायनिंगच फ्लायव्हीलला गंजाने चिकटून बसतं. दाते एकाच बाजूने पायरीसारखे झिजले असतील तर मात्र गंजावर खापर फोडून थांबू नका. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत आहेत का ते तपासा. दोघांच्या सांध्यात पोकळ किंवा भरीव डोवेल पिना असतात, त्या दोघांना नेमक्या जागी धरतात. मागच्या कामात एखादी पिन पडली, हरवली आणि "बोल्ट आहेत की" म्हणून तसंच आवळलं, तर शाफ्ट किंचित तिरका फिरतो. प्लेटचा मधला हब प्रत्येक फेऱ्याला वाकतो, सरळ होतो, आणि शेवटी फाटतो. या पिना मोजून बघायला दहा सेकंद लागतात. क्लचच्या कामात सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेशर प्लेटच्या चेहऱ्यावर निळे-जांभळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा म्हणजे अति उष्णता. याचं कारण बहुतेक वेळा चालवण्याच्या सवयीत असतं. खंडाळ्याच्या चढावर वाहतूक अडकली की अनेकजण हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात. तेव्हा इंजिनाची सगळी ताकद लायनिंग आणि बिडाच्या मधे उष्णता होऊन जळत असते. मालकाला हे डाग दाखवून सांगायला हवं, नाहीतर नव्या सेटचंही तेच होईल. डायफ्रामच्या बोटांची टोकं बेअरिंगने किती खाल्ली आहेत आणि सगळी बोटं एका पातळीत आहेत का तेही बघा. त्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर क्लच सुटताना एका बाजूने आधी सुटतो आणि गाडी थरथरते.

फ्लायव्हीलवरही हेच डाग आणि चिरा शोधायच्या. पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला असेल तर पॉलिश पेपरने गोलाकार हात फिरवून चमक मोडता येते. चर खोल असतील तर लेथवर फेसिंग करावं लागतं, आणि तेही कंपनीने दिलेल्या जाडीच्या मर्यादेत. काही फ्लायव्हीलांत प्रेशर प्लेट बसण्याची कडा आणि घर्षणाचा पट्टा वेगवेगळ्या पातळीवर असतात. अशा ठिकाणी एकाच बाजूचा धातू काढला तर स्प्रिंगचा दाब बदलतो. दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवाव्या लागतात. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. त्याला लेथ दाखवायचाच नाही. त्याचे दोन भाग एकमेकांवर किती फिरतात आणि किती डुलतात हे मोजायचं, कडेने आतलं ग्रीस बाहेर आलंय का बघायचं, आणि मर्यादेबाहेर असेल तर बदलायचं.

रिलीज बेअरिंग हाताने दाबून फिरवा. खरखर, अडकणं, आवाज यातलं काहीही असेल तर बाद. ते डिझेल-पेट्रोलमध्ये धुऊ नका. त्याच्या आत कारखान्यात भरलेलं ग्रीस आयुष्यभरासाठी असतं, ते धुतलं की बेअरिंग कोरडं पडतं. ते ज्या नळीवर सरकतं तिच्यावर नख फिरवा. पायरी किंवा खाच लागली तर नवं बेअरिंगही तिथे अडखळणार आणि पेडल जड, धक्के खात चालणार. फोर्कची दोन टोकं, तो ज्या गोळ्यावर झुलतो तो पिव्हट, किंवा आडव्या शाफ्टची रचना असेल तर त्याच्या बुशा, या सगळ्यांची झीज पेडलच्या चालीत वजा होते. फोर्क खोल झिजला असेल तर नवा क्लच सेट टाकूनही क्लच पूर्ण सुटत नाही.

ग्रीस

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ग्रीस फक्त तिथे लावायचं जिथे दोन धातू एकमेकांवर घसरतात. अशा जागा मोजक्याच आहेत: इनपुट शाफ्टचे दाते, रिलीज बेअरिंग सरकतं ती नळी, फोर्क बेअरिंगला टेकतो ती दोन टोकं, फोर्कचा पिव्हट किंवा आडव्या शाफ्टच्या बुशा, आणि हायड्रॉलिक क्लचमध्ये फोर्कला ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरची दांडी फोर्कमध्ये टेकते तो खळगा. बाकी कुठेही ग्रीसचं काम नाही.

किती? फुलक्यावर तूप फिरवतो तेवढंच, चमक दिसावी पण थर दिसू नये. दात्यांसाठी पद्धत अशी. आधी शाफ्टचे आणि नव्या प्लेटचे दाते ब्रशने आणि क्लीनरने पूर्ण कोरडे करायचे. छोट्या ब्रशने शाफ्टवर पातळ हात द्यायचा. मग नवी प्लेट शाफ्टवर घालून दोन-तीनदा पुढे-मागे सरकवायची आणि बाहेर काढायची. हबच्या दोन्ही कडांना जे ग्रीस निघून गोळा झालं असेल ते फडक्याने पुसून टाकायचं. दात्यांच्या मधे जे राहिलं तेवढंच लागतं. याच वेळी प्लेट हाताने सहज सरकते का, तिरकी अडकते का, हेही कळतं, आणि दुकानाने चुकीची प्लेट दिली असेल तर तीही इथेच सापडते.

जास्त ग्रीसचं काय होतं ते आकड्यात बघा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरतंय असं धरा. दात्यांची त्रिज्या साधारण १२ मिलिमीटर. तिथल्या ग्रीसवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२० पट जोराने बाहेर फेकणारा ताण असतो. ते तिथून सुटून १० सेंटिमीटरवर, म्हणजे लायनिंगच्या कडेशी पोचलं की हा आकडा हजार पटीवर जातो. शिवाय आत उष्णता आहे, ग्रीस पातळ होतंय. सैल थापलेलं ग्रीस तिथे टिकणं शक्यच नाही. ते उडतं आणि लायनिंगवर जातं, आणि मग वर केलेला १६८ वरून ५६ चा हिशेब लागू होतो. म्हणून "थोडं जास्त असलं तर बरं" हा नियम व्हील बेअरिंगला चालत असेल, इथे नाही.

कुठलं ग्रीस? उष्णतेत न वितळणारं आणि पाण्याने न धुपणारं. कंपनीचं मॅन्युअल जे सांगेल ते पहिलं. बऱ्याच जपानी पद्धतीच्या गाड्यांत मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेलं काळपट ग्रीस सांगतात. अनेक क्लच सेटच्या खोक्यात ग्रीसची छोटी पुडी येते, ती असेल तर तीच वापरा. पुडीतलं ग्रीस 'एवढंसंच' वाटतं म्हणून वर डब्यातलं घालू नका. मात्रा मुद्दामच तेवढी दिलेली असते. साधं पिवळं चेसिस ग्रीस इथे नको, ते गरम झालं की वाहतं. तांब्याची पावडर असलेलं ग्रीसही नको. ब्रेकच्या कामात ते लोकांच्या ओळखीचं असतं, पण त्यातले घन कण दात्यांमध्ये साचून प्लेटची हालचाल जड करतात आणि झीज वाढवतात.

आता जिथे ग्रीस अजिबात लावायचं नाही त्या जागा. काही नव्या प्लेटांचे दाते निकेलचा मुलामा दिलेले असतात, चंदेरी आणि गुळगुळीत दिसतात. त्यांना बनवणारेच ग्रीस नको म्हणतात. रिलीज बेअरिंगचा आतला भाग प्लॅस्टिकचा असेल आणि तो धातूच्या नळीवर चालत असेल, तर ती जोडी बहुधा कोरडी चालण्यासाठीच बनवलेली असते. तिथे ग्रीस लावलं तर क्लचची धूळ त्यात कालवली जाते आणि बेअरिंग अडकायला लागतं. धातूवर धातू असेल तर मात्र पातळ हात हवाच. कुठला प्रकार आहे हे खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी बहुतेक वेळा खोक्याबरोबर कचऱ्यात जाते, तसं करू नका.

ज्या गाड्यांत फोर्कच नाही आणि स्लेव्ह सिलिंडर रिलीज बेअरिंगसकट इनपुट शाफ्टभोवती बसवलेलं आहे, त्या सिलिंडरला बाहेरून ग्रीस लावायचं नाही आणि त्याच्यावर क्लीनरही मारायचा नाही. त्याचे रबर सील ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेलाचं ग्रीस लागलं की हे रबर फुगतं आणि गळती सुरू होते. कुठल्याही हायड्रॉलिक क्लचच्या रबरी भागांना लावायचंच असेल तर स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा त्यासाठीचं खास रबर ग्रीस. हे आतलं सिलिंडर क्लचबरोबर बदलून टाकावं, जुनं ठेवू नये. नवं बसवताना गिअरबॉक्स जागेवर जाऊन बोल्ट आवळेपर्यंत पेडल दाबू नका. समोर आधार नसताना पिस्टन मर्यादेबाहेर येतो आणि सील जातं.

परत बसवताना

नव्या प्रेशर प्लेटच्या चेहऱ्यावर गंज लागू नये म्हणून तेलाचा हलका हात दिलेला असतो. तो आणि फ्लायव्हील, दोन्ही ब्रेक क्लीनरने किंवा थिनरने पुसा. रॉकेल-डिझेल वापरू नका, ते मागे तेलकट पापुद्रा ठेवतं. लायनिंगला ग्रीसचा हात लागू देऊ नका, प्लेट कडेने धरा. प्लेटची दिशा तिच्यावर कोरलेली किंवा छापलेली असते, फ्लायव्हीलकडची बाजू कुठली हे वाचून मगच लावा. उलटी लावली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच सुटतच नाही.

प्लेट बरोबर मध्यावर धरण्यासाठी जुना इनपुट शाफ्ट किंवा प्लॅस्टिकचं टूल घाला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर प्रेशर प्लेटचं झाकण तिरकं बसून वाकतं आणि ते वाकणं डोळ्याला दिसत नाही. या ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टांना टॉर्क साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा.

गिअरबॉक्स चढवताना एक चूक फार महागात पडते. शाफ्ट दात्यांमध्ये शिरला की हात भरून आलेले असतात आणि गिअरबॉक्स क्षणभर तसाच सोडला जातो. त्याचं सगळं वजन प्लेटच्या पातळ हबवर लटकतं. प्लेट वाकते. बाहेरच्या कडेला ०.८ मिलिमीटरच्या आसपास डोल ही बऱ्याच ठिकाणी मर्यादा धरतात, आणि लटकलेलं वजन ती सहज ओलांडायला लावतं. मग सगळं नवं असूनही पहिला गिअर खरखरतो. जॅक गिअरबॉक्सच्या खाली राहू दे, दोघांचे चेहरे हाताने टेकू देत, आणि मगच बोल्ट लावा. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घ्यायचा नाही. चेहरे टेकत नसतील तर आत काहीतरी अडलंय, ते काढा.

केबलची गाडी असेल तर जुनी, आतून खरखरीत झालेली केबल क्लचबरोबरच बदला. आतून नायलॉन असलेल्या केबलमध्ये तेल सोडू नका, त्यात धूळ चिकटते. पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे ठेवा. ती शून्य ठेवली तर रिलीज बेअरिंग सतत दाबात राहतं, आणि जास्त ठेवली तर क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक असेल तर हवा काढताना टाकीतलं ब्रेक ऑइल नवं भरा. अनेक गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, तेव्हा पातळी खाली जाऊ देऊ नका, नाहीतर हवा ब्रेकमध्ये शिरायची.

गाडी खाली उतरवण्याआधी, चाकं अधांतरी आणि गाडी स्टँडवर पक्की असतानाच, इंजिन चालू करून पेडल पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. थांबल्यानंतर रिव्हर्स आवाज न करता पडला तर प्लेट नीट सुटतेय. खरखरला तर आत्ताच हवा, केबलची चाल आणि फोर्क तपासा. मालकाला गाडी देताना सांगा की पहिले पाचशेएक किलोमीटर चढावर भरलेली गाडी रेटू नये, लायनिंग आणि बीड एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतो. आणि जुना सेट त्याच्या हातात द्या, त्यावरचे निळे डाग किंवा तेलाचे पट्टे दाखवून.